हायपोचें जुनें पाणी

छायाचित्रणाचा इतिहास लिहिणारे पंडित कॅमेऱ्याविषयीं पुष्कळ लिहितात, भिंगाविषयीं त्याहून अधिक लिहितात, आणि चित्र घेणाऱ्याच्या दृष्टीविषयीं लिहितांना तर थकतच नाहींत. परंतु घेतलेलें चित्र टिकतें कशानें, हा प्रश्न बहुधा ग्रंथाच्या शेवटीं एखाद्या परिशिष्टांत जाऊन पडतो. ज्या क्षाराच्या पाण्यांत चित्र शेवटीं बुडवून काढावें लागतें आणि ज्याला दुकानदारापासून शाळकरी मुलापर्यंत सारे ‘हायपो’ या सुटसुटीत नांवानें ओळखत आले, त्याचा इतिहास वेगळा सांगावा असें आम्हांसही कधीं वाटलें नसतें. परंतु यवतमाळ जिल्ह्यांतील बाभुळगांव येथें आमच्या जुन्या घराची आवराआवर करण्याचा प्रसंग आला, तेव्हां जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलींत तपकिरी काचेच्या तीन बाटल्या, एक वही व दोन आल्बम असे एकाच फडताळांत सांपडले; आणि त्यांचा एकमेकांशीं संबंध काय, हें पाहतां पाहतां आम्ही या विषयांत शिरलों.

ती खोली म्हणजे आमच्या आजोबांची अंधारखोली. उद्योग शेतीचा, हौस फोटोची. दिवसभराचीं कामें उरकून घरांतील जेवणें आटोपलीं कीं लाल कागद लावलेला कंदील घेऊन ते तेथें बसत व हाफ प्लेटच्या काचा धूत. पहिल्या आल्बमांतील चित्रें १९३७-३८ सालचीं आहेत आणि तीं काल छापल्यासारखीं दिसतात; काळा रंग काळा आहे, पांढरा पांढरा आहे, आणि बैलांच्या झुलींवरील नक्षी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आहे. दुसऱ्या आल्बमांतील चित्रें १९४३-४४ सालचीं. तीं पिवळीं पडलीं आहेत. केवळ चेहरे आणि वस्त्रें नव्हेत, तर चित्राभोंवतींच्या पांढऱ्या कडाही चहाचें पाणी सांडल्यासारख्या झाल्या आहेत. कॅमेरा तोच, हात तोच, आल्बम ठेवण्याची जागा तीच. याच दुसऱ्या आल्बमांत आमच्या थोरल्या आत्याचें लग्नांतलें चित्र आहे. तिचें दुसरें चित्र घरांत नाहीं. लग्नानंतर दोन वर्षांच्या आंत ती वारली. आम्हीं तिला पाहिलें तें या पिवळ्या कागदावरच, आणि तेथेंही तिचे डोळे आतां शोधावे लागतात.

चित्र उमटविण्याची कला आधीं आली आणि तें टिकविण्याची मागाहून, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील हकीकत समजण्यास सोपी जाते. १८०२ सालीं इंग्लंडांत टॉमस वेजवुड व हम्फ्री डेव्ही यांनीं चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर व कातड्यावर आकृति उठविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. परंतु त्या आकृति उजेडांत आणल्या कीं सबंध कागदच काळा पडे. त्या अंधारांत जपून ठेवाव्या आणि मेणबत्तीच्या प्रकाशांत क्षणभर पाहाव्या, याहून अधिक कांहीं त्या दोघां विद्वानांच्या हातीं नव्हतें. प्रकाशानें चित्र काढावें आणि प्रकाशानेंच तें पुसून टाकावें, अशी ही अडचण होती.

तिचा उपाय त्या वेळीं जगांत नव्हताच असेंही नाहीं. सोडियम थायोसल्फेट हा क्षार फ्रान्समधील शोसिए यानें १७९९ सालींच तयार केला होता. पुढें १८१९ मध्यें जॉन हर्शेल या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानें त्याचा अभ्यास करून एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली: पाण्यांत मुळींच न विरघळणारा चांदीचा क्लोराइड या क्षाराच्या द्रावणांत साखरेप्रमाणें विरघळून जातो. हा शोध वीस वर्षें कागदावरच पडून राहिला. १८३९ च्या जानेवारींत पॅरिसहून दागेर याच्या चित्रांची वार्ता आली, तेव्हां हर्शेल यास आपल्या जुन्या टांचणाची आठवण झाली, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस त्यानें हायपो वापरून चित्र कायम करून पाहिलें. थोड्याच दिवसांनंतर हेन्री फॉक्स टॅल्बट त्याच्याकडे आला असतां त्यानें ही युक्ति त्यास मोकळेपणानें सांगितली. टॅल्बट तोंपर्यंत साध्या मिठावर व पोटॅशियमच्या कांहीं क्षारांवर काम भागवीत होता. दागेर हाही मीठच वापरीत असे. टॅल्बटच्या पत्राद्वारें ही युक्ति पॅरिसला पोंचली आणि दोन्ही पक्षांनीं ती उचलली. हर्शेलनें तीवर हक्क सांगितला नाहीं कीं पैसा मागितला नाहीं. ज्या काळांत टॅल्बट स्वतः आपल्या पद्धतीचीं पेटंटें घेत होता, त्या काळांत ही गोष्ट लहान म्हणतां येणार नाहीं.

नांवाविषयीं एक गंमत सांगण्याजोगी आहे. हर्शेलच्या वेळीं या क्षारास ‘हायपोसल्फाइट’ म्हणत आणि त्यावरून ‘हायपो’ झालें. रसायनशास्त्र्यांनीं पुढें तें नांव चुकीचें ठरवून ‘थायोसल्फेट’ हें बरोबर नांव दिलें; परंतु तोंवर लोकांच्या जिभेवर हायपो बसला होता, आणि जिभेवरील नांव काढणें हें हातावरील सिल्व्हर नायट्रेटचा डाग काढण्यापेक्षां अवघड. बाभुळगांवच्या बाटल्यांवरही आजोबांनीं ‘हायपो, पहिलें पाणी’ आणि ‘हायपो, दुसरें पाणी’ असेंच लिहून ठेविलें आहे. तिसरीवर कांहींच लिहिलेलें नाहीं.

आतां हा हायपो करतो काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण पुढचा सारा कज्जा त्यावरच उभा आहे. काच किंवा कागद डेव्हलपरमधून निघाला म्हणजे प्रकाश लागलेल्या जागीं काळी चांदी तयार झालेली असते आणि प्रकाश न लागलेल्या जागीं चांदीचा क्षार जसाच्या तसा शिल्लक असतो. तो शिल्लक क्षार काढून टाकणें हें हायपोचें काम. तें दोन पायऱ्यांनीं होतें. पहिल्या पायरीस हायपो व चांदी यांचें एक असें संयुग बनतें कीं जें पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. दुसऱ्या पायरीस अधिक हायपो मिळून त्याचें विद्राव्य संयुग होतें आणि तें धुण्यांत निघून जातें. हायपो ताजा असेल तर दोन्ही पायऱ्या पार पडतात. तो थकलेला असेल, म्हणजे अनेक चित्रांची चांदी पोटांत घेऊन जड झालेला असेल, तर काम पहिल्या पायरीवरच अडतें. यांतील कपट असें कीं त्या वेळीं डोळ्यांना कांहींच कळत नाहीं. कागद स्वच्छ पांढरा दिसतो, चित्र सुरेख दिसतें, घरचीं माणसें वाहवा करतात. न विरघळणारें तें संयुग कागदाच्या तंतूंत लपून बसतें. तें बारा पाण्यांनीं धुवा कीं रात्रभर वाहत्या पाण्यांत ठेवा, हलत नाहीं. मग दहा, वीस, तीस वर्षांनीं तें आपोआप फुटतें आणि चांदीचा पिवळा-तपकिरी सल्फाइड होऊन बसतें. कमी धुतलेल्या चित्राचा दोष निराळा. त्यांत उरलेला हायपो चित्राच्याच चांदीवर चाल करतो आणि आकृति फिकी करतो. परंतु जेथें चित्र नाहीं अशा कोऱ्या कडाही पिवळ्या पडल्या असतील, तेथें बहुधा थकलेल्या हायपोचाच हात असतो. आत्याच्या चित्राच्या कडा पिवळ्या आहेत, हें वर आम्हीं मुद्दाम सांगितलें तें याकरितां.

जुन्या हायपोचा हा अपराध जगाला कळला त्याची कथा मोठी बोधक आहे, आणि तिचा काळ आपल्याकडील छायाचित्रणाच्या आरंभकाळाशीं नेमका जुळतो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्यें स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था तीनंतर दोन वर्षांनीं निघाल्या. मुंबईच्या सभासदांत गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते. पैकीं नारायण दाजी हे स्वतः चांगले छायाचित्रकार होते. रोग्यांची नाडी पाहणाऱ्या वैद्यानें रसायनांच्या तबकड्यांतही हात घालावा यांत नवल नाहीं. त्या काळीं ही कला अर्धी औषधालयांतलीच होती. १८५५ सालीं मुंबई सरकारनें कॅप्टन बिग्ज यास विजापूर, बदामी, ऐहोळे येथील इमारतींचीं चित्रें घेण्याच्या कामीं नेमलें, म्हणजे सरकारासही या कलेचा भरंवसा वाटूं लागला होता.

आणि याच सुमारास युरोपांत तो भरंवसा डळमळूं लागला होता. तेथील छायाचित्रकारांस असा अनुभव आला होता कीं ताज्या हायपोंतून काढलेलें चित्र तांबूस व बेचव दिसतें. परंतु पुष्कळ वापरलेल्या, चांदीनें भरलेल्या जुन्या हायपोंत तेंच चित्र कांहीं तास ठेविलें तर त्यास जांभळट-काळी अशी मोहक छटा येते. मग काय, जुना हायपो जपून ठेवणें ही एक विद्याच होऊन बसली. लोणचें मुरवावें तसा हायपो मुरवावा, नव्या हायपोंत मुद्दाम चांदीचा क्षार घालून त्यास कृत्रिम वार्धक्य आणावें, असे प्रयोग होऊं लागले. छटा सुंदर होती यांत संशय नाहीं. परंतु ती गंधकाच्या योगानें आलेली होती, आणि थोडक्याच वर्षांत तीं चित्रें पिवळीं पडून विरूं लागलीं. तेव्हां लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनें १८५५ मध्यें एक चौकशीमंडळ नेमलें. ‘विटण्याचें मंडळ’ असेंच त्याचें नांव पडलें होतें, आणि राणीचे यजमान प्रिन्स आल्बर्ट यांनीं त्याच्या खर्चास देणगी दिली. मंडळानें त्याच वर्षाच्या अखेरीस निर्णय दिला कीं चित्रें विटण्याचें सर्वांत मोठें कारण म्हणजे कागदांत राहिलेला हायपो; आणि गंधक व दमट हवा हे त्याचे साथीदार. तेव्हांपासून मुरलेल्या हायपोची प्रतिष्ठा गेली. आमच्या मतें छायाचित्रणाच्या इतिहासांत भिंगांच्या कोणत्याही सुधारणेपेक्षां हा निर्णय थोर आहे. कारण तोंवर लोक चित्र कसें दिसतें हें पाहत होते, पुढें तें किती दिवस दिसेल हेंही पाहूं लागले.

ओल्या काचेच्या पद्धतीच्या काळांत, म्हणजे १८५१ नंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत, पुष्कळ जण हायपोऐवजीं पोटॅशियम सायनाइड वापरीत. तें झटपट काम करी व झटपट धुऊन जाई. तें हलाहल विष होतें एवढाच त्याचा दोष! आपल्या भागाशीं संबंध असलेलें त्या काळाचें एक नांव घेतल्यावांचून पुढें जाववत नाहीं. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यांत मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून आयुष्याचीं वर्षें घालविलीं. त्या तैलचित्रांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळालीं. पुढें कॅमेरा हातीं घेऊन गिलनें काढलेलीं अजिंठ्याचीं छायाचित्रें मात्र १८६४ मध्येंच पुस्तकरूपानें छापून जगभर गेलीं होतीं. भुसावळच्या स्मशानांत पडलेल्या त्या माणसाच्या वांट्यास एवढें तरी टिकाऊपण आलें.

१८८० च्या सुमारास सरसाच्या कोरड्या काचा बाजारांत आल्या आणि अंधारखोली घरांत येण्याचा मार्ग मोकळा झाला. काच भिजवून तंबूंत धांवण्याची दगदग संपली. परंतु वऱ्हाडासारख्या प्रांतांत या सरसानें नवें संकट उभें केलें. पाणी ऊन झालें कीं सरस फुगतो, सुटतो, आणि काचेवरून झालरीसारखा लोंबूं लागतो. त्यावर उपाय निघाला तो आपल्या घरांतलाच होता: तुरटी. हायपोंत तुरटी घातली म्हणजे सरस कठीण होतो. परंतु तुरटी व आम्ल हीं दोन्ही हायपोस मानवत नाहींत. त्यांच्या योगानें हायपो फुटून गंधक बाहेर पडतो आणि पाणी दुधासारखें होतें. म्हणून मध्यें सल्फाइट नांवाचा क्षार रदबदलीस घालावा लागतो. एक लिटर पाण्याला हायपो २४० ग्रॅम, सल्फाइट १५ ग्रॅम, मग सौम्य अॅसेटिक आम्ल, थोडें बोरिक आम्ल, आणि सर्वांच्या शेवटीं तुरटी १५ ग्रॅम असा एक प्रसिद्ध पाठ आहे. यांतील क्रम मोडून चालत नाहीं. आधीं आम्ल ओतलें कीं सारें नासलें, हें फोडणीच्या क्रमाइतकेंच पक्कें.

घरांतील अंधारखोलीची गोष्ट निघाली असतां दादासाहेब फाळके यांस टाळून जातां येत नाहीं, आणि फाळक्यांपेक्षांही सरस्वतीबाईंस टाळून जातां येत नाहीं. फाळके बडोद्याच्या कलाभवनांत १८९० च्या सुमारास छायाचित्रण व छपाई शिकले. (हें कलाभवन ज्यांच्या पुढाकारानें निघालें ते प्रो. त्रिभुवनदास गज्जर म्हणजे मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास लागलेला डांबराचा डाग १८९८ मध्यें काढून दाखविणारे रसायनशास्त्रज्ञ.) पुढें गोध्र्यास फोटोचा धंदा, नंतर पुरातत्त्व खात्यांतील नोकरी, असें करीत करीत १९१२ सालीं लंडनहून कॅमेरा, छिद्रें पाडण्याचें यंत्र व फिल्म घेऊन ते परतले आणि दादरच्या राहत्या बंगल्यांतच ‘राजा हरिश्चंद्र’ तयार होऊं लागला. त्या वेळची कोरी फिल्म बिनछिद्रांची येत असे. तिच्या दोन्ही कडांस छिद्रें पाडावयाचीं, तींही अंधारांत. तें काम सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याचीं द्रावणें कालविण्याचें कामही त्यांच्याकडे असे, आणि दिवसां सबंध मंडळींचा स्वयंपाक असे तो वेगळा. फुटास सोळा चित्रें व प्रत्येक चित्रास कडेला चार छिद्रें, असें धरलें तर दोन्ही कडांचीं मिळून फुटाला १२८ छिद्रें होतात. चित्रपट सुमारें ३,७०० फुटांचा होता. म्हणजे पडद्यावर दिसलेल्या भागापुरतींच पावणेपांच लाखांच्या आसपास छिद्रें, आणि तितकीच लांब फीत हायपोंतून काढून धुवावयाची. कर्जासाठीं घरांतले दागिने गेले ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु एका गृहिणीनें स्वयंपाक उरकून रात्रीं अंधारांत बसून हें काम केलें, यांत आम्हांस त्या दागिन्यांहून मोठी किंमत दिसते. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कोरोनेशन सिनेमांत चित्रपट लोकांपुढें आला. मुंबईस निदान नळाचें पाणी होतें. अंधारखोलीस अंधारापेक्षां पाणी अधिक लागतें, हें नवशिक्यास उशिरां कळतें.

तें बाभुळगांवास मात्र लवकर कळतें. बेंबळा नदीच्या या मुलखांत चैत्र-वैशाखांत विहिरी तळाला जातात, आणि त्या दिवसांत घरांतल्या बायकांच्या देखत चित्रें धुण्यासाठीं बादल्याच्या बादल्या पाणी सांडणें हें धाडसाचें काम आहे. आजोबा वाहत्या पाण्याऐवजीं थोड्या थोड्या पाण्यानें अनेक वेळां धूत, आणि हें शास्त्रशुद्धही आहे. एकदां पुष्कळ पाणी ओतण्यापेक्षां दहा वेळां थोडें पाणी बदलल्यानें हायपो अधिक निघतो. धुणें पुरें झालें कीं नाहीं हें पाहण्यास ते विहिरींत टाकण्याची जांभळी दवा, म्हणजे परमँगनेट, वापरीत. धुण्याच्या पाण्याचे थेंब तिच्या फिक्या द्रावणांत पाडावे. रंग उडाला तर हायपो अजून आहे. मात्र विहिरीच्या पाण्यांत काडीकचरा असला तरी रंग उडतो, म्हणून शेजारीं नुसत्या पाण्याचा पेला ठेवून ताडून पाहावें लागतें. समुद्राच्या खाऱ्या पाण्यानें हायपो गोड्या पाण्यापेक्षां लवकर सुटतो, असें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ध्यानांत आलें. कोंकणांतल्या हौशी मंडळींस याचा उपयोग. शेवटीं गोडें पाणी तेथेंही लागतेंच.

उन्हाळ्याच्या दृष्टीनें हायपोच्या अंगीं एक गुण आहे व एक अवगुण. त्याचे खडे पाण्यांत टाकले कीं पाणी गार होतें. इतकें कीं भांड्यास हात लावतांच कळावें. वऱ्हाडच्या उन्हांत हा गुण देवदयेनेंच मिळाला म्हणावयाचा. परंतु तेच खडे ४८ अंशांच्या सुमारास स्वतःच्याच अंगच्या पाण्यांत वितळतात. टिनाच्या पत्र्याखालीं वैशाखांत ठेवलेल्या डब्याची काय दशा होईल हें सांगणें नको. म्हणून खडे चिनी मातीच्या बरणींत आणि द्रावण तपकिरी बाटलींत, गळ्यापर्यंत भरून, घट्ट बूच मारून, रांजणाजवळच्या ओल्या वाळूंत ठेवावें, अशी आमच्या घरची रीत होती. हवा जितकी कमी, तितका सल्फाइट अधिक दिवस टिकतो. म्हणून अर्धी बाटली वर्षभर ठेवण्यापेक्षां लहान बाटली भरून ठेवणें बरें. धातूच्या भांड्याचें नांवच नको. एकदां तबकडी फुटल्यामुळें आजोबांनीं वापरलेला हायपो पितळेच्या परातींत ओतला. सकाळीं परात आंतून चांदीची झाली होती. हा चमत्कार पाहून मुलें हर्षलीं, परंतु आजीनें ती परात स्वयंपाकघरांत पुन्हां घेतली नाहीं. यांत रसायनशास्त्रही तिच्याच बाजूचें होतें.

पुनः वापरण्याचा प्रश्न येथें येतो. हायपो एकदां वापरून फेंकून द्यावा असें कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाहीं. त्याच्या अंगीं पुष्कळ चित्रें कायम करण्याची ताकद असते. प्रश्न इतकाच कीं किती. लिटरभर हायपोंत आठ-बाय-दहा इंचांचे सुमारें पंचवीस कागद, असा जाणत्यांचा हिशेब आहे. हाफ प्लेटचीं त्या मानानें साठ-पासष्ट चित्रें. याहून चांगली रीत दोन पाण्यांची. चित्र आधीं पहिल्या पाण्यांत ठेवावें, मग दुसऱ्या ताज्या पाण्यांत. पहिलें थकलें कीं तें काढून टाकावें, दुसऱ्यास पहिल्याचा मान द्यावा आणि दुसरें नवें करावें. अशानें तेवढ्याच हायपोंत सुमारें दुप्पट चित्रें निघतात आणि प्रत्येकास शेवटीं ताजें पाणी मिळतें. काटकसर व टिकाऊपण यांचा असा मेळ दुसऱ्या कोणत्याही गृहकृत्यांत आमच्या पाहण्यांत नाहीं. हायपो थकला कीं नाहीं हें पोटॅशियम आयोडाइडचे चार थेंब टाकूनही कळतें. पिवळा गढूळपणा येऊन तो हलविल्यानेंही जात नसेल तर त्या पाण्याचा लोभ सोडावा. फिल्मचा तुकडा स्वच्छ होण्यास ताज्या हायपोच्या दुप्पट वेळ लागूं लागला, तरी तोच अर्थ.

आजोबांस हें सारें ठाऊक होतें. बाटल्यांवरील अक्षरेंच तें सांगतात. त्यांच्या वहींत दर चित्रास एक उभी रेघ ओढलेली आहे. १९३८ च्या पानांवर पन्नास-साठ रेघा झाल्या कीं आडवी रेघ येते आणि तिच्यापुढें नव्या हायपोचें वजन लिहिलेलें आहे. १९४३ पासून आडव्या रेघा विरळ होतात. महायुद्धामुळें परदेशी माल येईनासा झाला होता, आणि हायपोचा खडा सोन्याच्या तोलानें मिळूं लागला होता असें आमच्या वडिलांकडून आम्हीं ऐकलें आहे. आत्याच्या लग्नाच्या पानावर उभ्या रेघा दोनशेंच्या वर गेल्या आहेत व आडवी एकही नाहीं. म्हणजे त्यांनीं मोजणें सोडलें नव्हतें. काय होत आहे हें जाणूनच ते रेघा ओढीत होते. लग्न थांबवितां येत नाहीं आणि हायपो मिळत नाहीं, अशा वेळीं चित्रच न काढणें हा एक मार्ग होता; तो त्यांनीं पत्करला नाहीं. प्रथम आम्हांस त्यांचा राग आला होता हें कबूल करतों. वही वाचल्यावर तो तसा राहिला नाहीं. परंतु चित्र पिवळें आहे तें आहेच.

स्वातंत्र्यानंतर उटकमंड येथें १९६० मध्यें सरकारी फिल्मचा कारखाना निघाला आणि ‘इंदू’ छापाचा कागद व क्ष-किरणांची फिल्म देशांत होऊं लागली. तो कारखानाही आतां बंद पडला. मधल्या काळांत जुन्या हायपोस एक नवा गिऱ्हाईक मिळाला होता. त्याच्या पोटांतली चांदी काढून घेणारे लोक फोटोंच्या दुकानांतून व इस्पितळांच्या क्ष-किरण विभागांतून वापरलेला हायपो विकत नेऊं लागले. दुकानदारास ही वरकमाई होती, आणि तिच्या आशेनें कांहीं जण हायपो अधिकच ताणीत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या चित्राचें आयुष्य कमी करून तीच चांदी दुसऱ्यांदां विकीत. चांदीचा हा लोभ चित्रपटांसही भोंवला. पुष्कळ मूकपटांच्या फिती चांदी काढण्यासाठीं विकल्या गेल्या. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं निघालें तोंवर फार उशीर झाला होता. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’चीं देखील थोडीं रिळेंच हातीं लागलीं.

आम्हीं बाभुळगांवच्या तिन्ही बाटल्या उघडून पाहिल्या. पहिल्या दोन कोरड्या होत्या. बिननांवाच्या तिसरींत बूच सुकून पाणी उडालें होतें आणि तळाशीं काळी पापुद्र्यांची साय होती. ती चांदीच्या सल्फाइडची, म्हणजे चित्रें पिवळीं करणाऱ्या त्याच पदार्थाची. मग आम्हीं आत्याच्या चित्राची नक्कल काढण्याचें ठरविलें. पिवळें पडलेलें चित्र निळ्या काचेंतून घेतलें म्हणजे पिवळा भाग निगेटिव्हवर अधिक उठावदार येतो. ही जुनी युक्ति आहे व ती बऱ्याच अंशीं साधते. पौषांत, विहिरीस पाणी असतांना, त्याच जिन्याखालच्या खोलींत तीन काचा केल्या, दोन पाण्यांतून काढल्या आणि हायपो दोन्ही वेळां ताजा घेतला. नथ, मुंडावळ्या आणि डाव्या गालावरील काजळाची तीट हीं आतां दिसतात. डोळे थोडेसे दिसतात.

वापरलेला हायपो झाडाच्या आळ्यांत किंवा गटारांत ओतूं नये, कारण विरघळलेली चांदी पाण्यांतील बारीक जीवांस मारते. आम्हीं तो एका बरणींत ठेवून त्यांत साध्या लोखंडी तारेची बारीक लोकर बुडवून ठेविली. न गंजणाऱ्या पोलादाच्या घासणीचा येथें उपयोग नाहीं. लोखंड गंजत विरघळतें आणि त्याच्या जागीं चांदी काळ्या गाळाच्या रूपानें खालीं बसते. पंधरा दिवसांनंतर तांब्याचा एक जुना पैसा त्या पाण्यांत टाकून पाहिला. त्यावर चांदीचा मुलामा चढला नाहीं, तेव्हां गाळ गाळून वाळविला. तो घेऊन गांवच्या सोनाराकडे गेलों. त्यानें चिमटीत घेऊन पाहिला, यांतून एका जोडव्यापुरतीही चांदी निघणार नाहीं आणि एवढ्यासाठीं मूस पेटवीत नाहीं म्हणून सांगितलें, आणि अजून जमलें म्हणजे आणा असें म्हणाला. गाळ आम्हीं त्या बिननांवाच्या बाटलींत घालून ठेविला आहे, आणि तिच्यावर आतां चिठ्ठी लावली आहे.